अर्ध्या वाटेवरचं घर

पुएर्तो मोंत, ९ जानेवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र आणि लसणाची माळ नोलास्कोच्या बोटीने धडपणे पोचली. माळ खिडकीत टांगली आहे. खोलीला आपल्या घराचा वास येतो.

समुद्राने गेल्या थंडीत आणखी दोन हात काठ खाल्ला आणि म्हातारं सफरचंदाचं झाड खाली गेलं, हे तू असं लिहिलं आहेस जणू शेजाऱ्याची कोंबडी हरवली. मावशी, झाडानंतर आता घरच आहे. तीन वर्षं मी सांगते आहे, घर वर टेकाडाकडे हलवायला हवं, आणि तीन वर्षं तू म्हणतेस, 'बघू, पुढच्या उन्हाळ्यात.' हाच तो पुढचा उन्हाळा. या फेब्रुवारीत मिंगा बोलाव, सगळं बेट मिळून घर ओढू दे. बेटावर अजून बैल आहेत, माणसं आहेत, दोर आहेत. पाच वर्षांनी कोण असेल?

जेवणाचा खर्च सगळा माझा. दोन मेंढ्या, पीठ, सफरचंदाच्या चीचा दारूची पिंपं, जे लागेल ते. पैशाची काळजी करू नकोस, माझं काम सध्या बरं चाललं आहे. 'मावशीची चूल'चे व्हिडिओ आता चार लाख माणसं बघतात. चार लाख! आपल्या लिंकाय बेटावर कुत्री धरून दोनशे जीव नाहीत.

माझे काही मित्र कॅमेरे घेऊन येतील. लोकांना मिंगा बघायचा आहे. त्यातलाच एकजण रंग आणणार आहे, फुकट. घर हलायच्या आधी पिवळं करून टाकू, छान दिसेल. तारीख आठ फेब्रुवारी, रविवार. त्या दिवशी उजेड चांगला असतो म्हणे.

आणि एक विनंती, रागावू नकोस. मी पाठवलेलं गुलाबी जाकीट त्या दिवशी घालू नकोस. तुझी तपकिरी विणलेली शाल घे. गॅसच्या सिलिंडरवर आणि त्या निळ्या प्लास्टिकच्या टबवर काहीतरी टाक. लोकांना वाटतं तू अजून लाकडाच्या चुलीवरच सगळं करतेस. आता त्यांचा भ्रम कशाला तोडायचा?

तुझी,
यास्ना

*

लिंकाय बेट, २१ जानेवारी

चिरंजीव यास्ना हिस,

सिलिंडरवर गोधडी टाकली आहे. आता तो म्हाताऱ्या पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसून असतो. शेजारच्या नेल्दाची पोरं त्याला 'आजोबा' म्हणतात. पण पोरी, मला सांग, गॅस तूच आणून दिलास ना? माझ्या कमरेला लाकडं फोडणं झेपत नाही म्हणून? मग तो लपवायचा कशाला? चांगली गोष्ट केलीस ती झाकायची आणि नसलेली दाखवायची, हे तुमचं शहाणपण मला कळत नाही. गुलाबी जाकीट मात्र मी घालणार नाही, कारण ते मला आवडतं आणि मिंगात चिखल उडतो.

तर, विनवणीला सुरुवात केली. एकतीस दारं आहेत. रोज चार-पाच करते, त्याहून जास्त मातेचा चहा पोटात मावत नाही. तू शहरात गेल्यापासून विसरली असशील म्हणून लिहिते: दार वाजवायचं, आत बसायचं, इकडचं तिकडचं बोलायचं, आणि मग उभं राहून म्हणायचं, 'विनवणी करायला आले आहे.' मुद्दाम उभं राहून. बसून कोणी विनवत नाही. समोरचा म्हणतो, 'येतो.' झालं. नाही म्हणायची पद्धत नाही आणि पैशाचं नाव काढायची तर नाहीच. उद्या त्याचं काही निघालं की तो माझ्या दारी उभा राहील आणि मी जाईन. तुझ्या आजीचं घर असंच हललं होतं, पण ते लहान होतं आणि माणसं जास्त होती.

सगळ्यात अवघड दार तुला ठाऊक आहे. ओनोफ्रेचं. कुंपणाच्या भांडणानंतर बारा वर्षं आम्ही देवळात वेगवेगळ्या बाजूला बसतो. पण घर टेकाडाकडे न्यायचं तर वाट त्याच्याच कुरणातून, आणि बेटावरचे चांगले बैलही त्याचेच. तीन दिवस टाळलं, चौथ्या दिवशी गेले. त्याने मला दारातच उभं ठेवलं. मी म्हटलं, 'ओनोफ्रे, विनवणी करायला आले आहे.' त्याने दार पुरतं उघडलं. मग म्हणाला, 'एवढं बोलायला तुला बारा वर्षं लागली? दोन जोड्या आणतो. आत ये, माते घे.' घरी येताना मी रस्त्यात रडले. म्हातारपणी असं होतं.

तुझ्या मित्रांना सांग, जेवण भरपूर आहे, पण त्यांनीही दोराला हात लावावा. मिंगात नुसते बघे नसतात.

तुझी मावशी,
एदेल्मिरा

ता. क. रंगवाले येऊन गेले. घराच्या तीनच बाजू रंगवल्या. मागची का सोडली विचारलं, तर म्हणे ती कॅमेऱ्यात येत नाही.

*

पुएर्तो मोंत, १२ फेब्रुवारी

मावशी,

मी न भेटता बोटीत चढले याची मला लाज वाटते, पण त्या वेळी माझ्याच्याने कोणाच्या तोंडाकडे बघवलं नसतं. आता चार दिवस झाले, तरी डोळ्यांपुढे तेच येतं.

मी टेकाडावर उडत्या कॅमेऱ्यापाशी होते. पडद्यावर सगळं इतकं सुंदर दिसत होतं! पिवळं घर, सोळा बैल, ते हैय्या-हैय्या करणारे लोक. घर कुरणाच्या मध्यावर आलं आणि थांबलं. मला वाटलं, बैलांना दम खाऊ देताहेत. मग बघते तर दोर सुटलेले, जोड्या एकेक करून निघालेल्या, माणसं पांगलेली. वरून तोंडं दिसत नाहीत. नुसत्या टोप्या, पाठ करून चाललेल्या.

खाली आले तर कंपनीचा माणूस फणफणत होता. म्हणाला, 'तुमच्या लोकांनी सह्या करायला नकार दिला.' त्याला परत जायची घाई, बोट भरतीवर सुटणारी, आणि मी त्याच्यामागोमाग गेले.

हो, कंपनीचा माणूस. मित्र नव्हते ते. रंगाची कंपनी होती आणि मला पैसे मिळणार होते. चांगले मिळणार होते. तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि घर समुद्रात गेलं असतं. म्हणून नाही सांगितलं. आता सांगते.

पण मी काय पाप केलं? तुझं नवं छप्पर कुठून आलं? तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या? मासळी कारखान्यात दोन वर्षं मी बर्फाच्या पाण्यात हात घालून उभी होते, तेव्हा बेटावरच्या कोणी विचारलं नाही, 'पोरी, कशी आहेस?' आता चार पैसे मिळाले तर सगळ्यांच्या पोटात दुखलं. यास्नाला मिळतात आणि आपल्याला नाहीत, एवढंच ना? तसं असेल तर तेही मी समजू शकते. तेही राबले आहेत.

म्हणून नोलास्कोकडे एकतीस पाकिटं दिली आहेत, प्रत्येकावर नाव लिहून. माझ्या आगाऊ रकमेतला मोठा भाग आहे त्यात. ओनोफ्रेकाकांच्या पाकिटात दुप्पट, दोन जोड्यांचे. आता तरी कोणी म्हणू नये की यास्नाने फुकट राबवून घेतलं. पुढच्या रविवारी घर वर जाईल. कंपनी कॅमेरे परत पाठवायला तयार आहे.

यास्ना

*

लिंकाय बेट, २३ फेब्रुवारी

यास्ना,

तुझी एकतीस पाकिटं माझ्या बिस्किटांच्या डब्यात आहेत. एकोणतीस न उघडता परत आली. एक नेल्दाने उघडलं आणि मग परत आणलं, तोंड लाल करून. ओनोफ्रेने आपलं स्वतः आणलं नाही, कुंपणाच्या खांबावर दगडाखाली ठेवून गेला. बारा वर्षं याच खांबावरून आमचं भांडण होतं.

बस आणि नीट वाच. तुझ्या अंगावर ओरडायला हे पत्र लिहीत नाही. यात माझी चूक आहे आणि ती आधी सांगते.

दोर लोकांनी सोडले नाहीत. मी सोडले.

झालं असं. घर कुरणात आलं, सगळे घामाघूम. तेवढ्यात तो चकचकीत बुटांचा पोरगा कागदांची चळत घेऊन माणसामाणसापाशी फिरायला लागला. 'इथे सही करा.' ओनोफ्रेने चष्मा काढला, कागद लांब धरला आणि मोठ्याने वाचला. त्यात लिहिलं होतं की हे सगळं रंगाच्या जाहिरातीसाठी आहे आणि खाली सही करणारा या कामाचे पैसे मागणार नाही.

ओनोफ्रे त्याला म्हणाला, 'बाळा, मी पैसे मागितले कधी?'

पोरगा म्हणाला, 'नाही हो काका, पण पुढे मागू नयेत म्हणून.'

'म्हणजे पैसे आहेत तर.'

'ते यास्नाबाईंचं आणि कंपनीचं आहे.'

 मग, ऐक, ओनोफ्रेच म्हणाला, 'चला रे, करा सह्या. आधी घर वर नेऊ, भांडायचं ते जेवल्यावर भांडू.' त्याने खिशातून पेनही काढलं. लोक सह्या करायला तयार होते, यास्ना. तुझ्यासाठी आणि माझ्यासाठी.

मलाच सहन झालं नाही. एकतीस दारांत मी उभी राहिले होते. माझ्या तोंडाने विनवलं होतं. आणि तो शब्द आधीच कुठे तरी विकला गेला होता, मला ठाऊकही नसताना. मी जाऊन पहिल्या जोडीचा दोर सोडला. ओनोफ्रे म्हणाला, 'एदेल्मिरा, वेडी झालीस का?' मी म्हटलं, 'हा मिंगा नाही. घरी जा सगळे. मला माफ करा.' शंभर लोकांचं जेवण होतं, कोणी जेवलं नाही. मेंढीचं मटण तीन दिवस कुत्र्यांनी खाल्लं.

हे तुला मी त्याच आठवड्यात लिहायला हवं होतं. लाजेने लिहिलं नाही. मी लिहिलं असतं तर तू ती पाकिटं पाठवली नसतीस. त्या दिवशी लोक तुझ्यावर रागावले नव्हते. पाकिटं आल्यावर रागावले. त्यांनी दिलेल्या गोष्टीची तू मजुरी करून टाकलीस. आता मी कोणाच्या दारात उभी राहू?

मी आहे तशी बरी आहे. घर कुरणाच्या मधोमध, ओंडक्यांवर. दारातून उतरायला पेटी ठेवली आहे. पाण्याचा नळ जुन्या जागी, समुद्रापाशी, तिथून बादल्या आणते. ओनोफ्रेची गाय रोज सकाळी मागच्या भिंतीला पाठ घासते, न रंगवलेल्या. घर हलतं आणि भांडी वाजतात. त्याची जमीन अडवून बसले आहे, तो एक अक्षर बोलत नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

मावशी

*

पुएर्तो मोंत, ६ मार्च

मावशी,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि मग एक गोष्ट केली. ती तुला कोणाकडून तरी कळण्याआधी मीच सांगते.

मी कॅमेऱ्यासमोर बसले आणि सगळं खरं सांगून टाकलं. पैसे, रंग, तीन बाजू, गोधडीखालचा सिलिंडर, पाकिटं. काही झाकलं नाही. मध्येच मला रडू आलं. ते खरं रडू होतं, आईची शपथ घेऊन सांगते.

मग काय झालं माहिती आहे? दोन दिवसांत पस्तीस लाख लोकांनी बघितलं. माझ्या आयुष्यात इतकं कधीच कोणी बघितलं नाही. रंगाच्या कंपनीने करार मोडला आणि आगाऊ रक्कम परत मागितली, पण त्याच आठवड्यात तीन दुसऱ्या कंपन्यांची पत्रं आली. त्यांना माझा 'खरेपणा' आवडला. एकीने तसं लिहिलंच आहे, 'आम्हाला तुमच्यासारखाच खरा चेहरा हवा आहे.'

मावशी, मला भीती वाटते. मी रडत होते तेव्हा माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात कोणी तरी म्हणत होतं, खिडकीकडे तोंड कर, उजेड बरा पडेल. आणि मी केलं. रडता रडता केलं. मग ते रडणं खरं की खोटं? मी आता एकटी असतानाही कधी कधी असं बसते जणू कोणी बघतं आहे. खोटं बोलताना निदान मला ठाऊक असायचं की हे खोटं आहे. आता खरं बोलतानाही कळत नाही.

पण भाडं दर पाच तारखेला असतं. त्याला हे प्रश्न पडत नाहीत.

बेटावर कोणी ते पाहिलं का? ओनोफ्रेकाका काय म्हणाले?

तुझी यास्ना

*

लिंकाय बेट, १८ मार्च

यास्ना,

पाहिलं. नेल्दाने सगळ्यांना कबरस्तानाच्या टेकडीवर नेलं, फोन तिथेच लागतो. आपले पूर्वज आणि आम्ही असे मिळून पाहिलं. ओनोफ्रे पण आला, पण लांब उभा राहिला, त्याच्या बायकोच्या कबरीपाशी. संपल्यावर म्हणाला, 'पोरगी आमची माफी आम्हाला सोडून सगळ्या जगाकडे मागते आहे,' आणि निघून गेला.

मी तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. तुझं रडणं खरं होतं, मी तुला वाढवलं आहे, मला कळतं. खिडकीकडे तोंड केलंस तेही मला दिसलं. त्यात काय एवढं? मी फोटो काढताना पोट आत घेते. पण चुकीच्या दारात रडलीस.

पैसे कमवू नकोस असं मी म्हणत नाही. पैसे लागतात. मासे विक, लोकर विक, तुझा आवाज विकायचा तर तोही विक, तो तुझा आहे. दुसऱ्याने तुला दिलेली गोष्ट मात्र तुझी होत नाही, ती परत द्यायची असते. एवढंच मला कळतं. बाकी तुमच्या धंद्याचं तू बघ.

एकतीस दारं आहेत. माझं तोंड राहिलं नाही, तुझं वापरून बघ. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात तुला सुट्टी मिळेल. फोन आणलास तरी चालेल, मी काही पाद्री नाही. फक्त दारात उभी असताना तो खिशात असू दे.

थंडीच्या आधी पाऊस वाढेल आणि कुरणाचा चिखल झाला की बैलही घर ओढू शकणार नाहीत. म्हणजे एप्रिल नाही तर पुढचं वर्ष. पुढच्या वर्षापर्यंत मी पेटीवरून उतरत राहीन, पडले नाही तर.

मावशी

*

पुएर्तो मोंत, २२ एप्रिल

प्रिय मावशी,

सुखरूप पोचले. बोटीत नोलास्कोने भाडं घेतलं नाही. मी आग्रह करायला तोंड उघडलं आणि मिटलं. बघ, शिकते आहे.

तू विचारलंस आणि मी तिथे असताना सांगितलं नाही, ते आता लिहिते. पहिल्या दारात माझ्या तोंडून शब्दच फुटेना. पस्तीस लाख लोकांसमोर मी न अडखळता बोलले, आणि नेल्दाच्या सासूसमोर जीभ टाळ्याला चिकटली. ती म्हणाली, 'बस.' मी म्हटलं, 'नको, मला उभं राहायचं आहे.' तिने ओळखलं असावं, पण मदत केली नाही. शेवटी मी म्हटलं. ती म्हणाली, 'मी एकदा आले होते बाई.' आणि माते दिला. येते असं म्हणाली नाही.

अशी दारं मोजायची नाहीत असं तू सांगितलंस, पण मला पाठ आहेत. नऊ जण म्हणाले येतो. बाकीच्यांनी माते दिला, काहींनी तोही नाही. ओनोफ्रेकाका घरात नव्हते. तीन वेळा गेले, तिन्ही वेळा नव्हते, आणि चुलीतून धूर येत होता.

मग ते तीन रविवार. नऊ माणसं आणि दोनच जोड्या, एवढ्याने काय हलणार, असं मला वाटलं होतं. पहिल्या रविवारी तर सहा पावलं. माझ्या हाताची साल निघाली. पण दुसऱ्या रविवारी नेल्दाची सासू काही न बोलता दोराला येऊन उभी राहिली. मला तिच्याकडे बघायचा धीर झाला नाही. मी नुसता दोर ओढला.

आता खरी गोष्ट. मी त्यातलं काही दाखवलं नाही. लोक रोज विचारतात, 'पिवळ्या घराचं काय झालं?' मी उत्तर देत नाही, आणि उत्तर न देणाऱ्याला लोक विसरतात. निम्मे गेले. डब्यातल्या पाकिटांत कॅमेरा विकून आलेले पैसे घालून रंगवाल्यांचे पैसे फेडले. पाच तारीख येते आहे.

त्या तीन कंपन्यांपैकी लोणीवाले अजून थांबले आहेत. त्यांना फक्त मी हवी आहे, तू नाही, बेट नाही. मी माझ्या खोलीत पावाला लोणी लावायचं आणि 'खरं ते खरं' असं म्हणायचं. कोणाचं काही विकलं जात नाही, तू म्हणालीस तसा माझाच आवाज. एका दिवसात दोन महिन्यांचं भाडं. सतरा मे, रविवार. त्यांचे लोक सांतियागोहून येणार, म्हणून तारीख बदलत नाही. मी हो म्हटलं आहे. हे नाही झालं तर मासळी कारखान्यात परत, त्यांच्याकडे जागा आहे, मी विचारून ठेवलं आहे.

तुला काय वाटतं? की हे पत्रात विचारूच नये?

तुझी यास्ना

*

लिंकाय बेट, ५ मे

चिरंजीव यास्ना हिस,

लोणी कर. त्यात कोणाचं वाकडं झालं? हे मी मनापासून लिहिते आहे, टोमणा नाही. मीठ असलेलं लोणी असेल तर मलाही पाठव.

इकडे तू गेल्यावर दोन रविवार झाले. कोणी फोटो काढत नाही, म्हणून मीच तुला लिहून कळवते. परवाच्या रविवारी चौदा माणसं आली. पाऊस भुरभुरत होता. घर खांबापर्यंत आलं, त्याच खांबापर्यंत, आणि ओंडक्याचं टोक खांबाला अडलं. आता एक तर खांब काढायचा, नाही तर घर मागे घ्यायचं. खांब ओनोफ्रेचा. आम्ही सगळे दोर धरून उभे. 

तो घरातून पहार घेऊन आला. माझ्याकडे बघितलं नाही. खांब उपटला, कुंपणाला टेकवून ठेवला, आणि मग परत जाऊन दोन्ही जोड्या घेऊन आला. बेटावरचे सगळ्यात चांगले बैल. घर त्या दिवशी टेकाडाच्या पायथ्याशी पोचलं. अजून थोडं राहिलं आहे, पण समुद्राचा आवाज आता खिडकी उघडल्यावरच येतो. मागची भिंत आता वाटेकडे झाली आहे, राखाडी. मला तीच आवडते.

काल तो आला. तू ओळखणार नाहीस, दाढी केलेली, रविवारचा कोट. मी म्हटलं, 'बस.' तो म्हणाला, 'नको, उभाच बरा.' मी हातातलं भांडं खाली ठेवलं. म्हणाला, 'यंदा लागवड उशिरा झाली, बटाटे अजून जमिनीत आहेत. पाऊस लागायच्या आत काढायला हवेत. मी विनवणी करायला आलो आहे.'

मी म्हटलं, 'ओनोफ्रे, मी येतेच, हे काय विचारणं झालं?'

तो म्हणाला, 'तुझ्याकडे नाही आलो. पोरीकडे आलो आहे. ती इथे नाही म्हणून तुझ्या दारात उभा आहे. तिला लिही. म्हणावं, ओनोफ्रे उभं राहून बोलला.'

मिंगा सतरा तारखेला आहे. तारीख त्याने चंद्र बघून ठरवली आहे, तो बदलणार नाही. तुझं लोण्याचं त्याला ठाऊक नाही आणि मी सांगितलेलं नाही. तू आली नाहीस तर मी सांगेन की शहरात काम आहे, तो समजून घेईल. म्हातारा आहे, दुष्ट नाही.

उत्तर त्यालाच लिही, मला नको.

मावशी

*

पुएर्तो मोंत, १३ मे

आदरणीय ओनोफ्रेकाका,

तुमची विनवणी मावशीच्या पत्रातून पोचली. खरं तर उत्तर दारात उभं राहूनच द्यायला हवं, पण तोवर तुम्हाला ताटकळत ठेवणं बरं नाही म्हणून आजच्या बोटीने हे पत्र पुढे पाठवते आणि शनिवारच्या बोटीने मी मागोमाग येते.

येते.

हातमोजे आणायची आठवण करू नका, कारखान्यातले रबरी आहेत माझ्याकडे, कालच मिळाले. बुधवारपर्यंत राहीन, गुरुवारी पाळी आहे. बटाटे उरले तर मंगळवारीही काढू. मावशीच्या कमरेला वाकायला लावू नका, तिला बटाट्याचे मिल्काओ भाजायला बसवा, म्हणजे ती सगळ्यांवर ओरडेल आणि काम लवकर होईल.

मावशी म्हणाली असेल की मला शहरात काही काम आहे. तिला उगाच वाटतं. त्या रविवारी मला दुसरं काहीच काम नाही.

तुमची,
यास्ना